न्यूट नको, बेडकांसाठी टाकं करा

न्यूट दिसतो सरड्यासारखा, पण तो बेडकाच्या भाऊबंदांपैकी. काही दिवस पाण्यात, काही दिवस ओल्या मातीवर, असं त्याचं जगणं. परदेशात लोक तो काचेच्या पेटीत पाळतात. पेटीत एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला माती, दगड, शेवाळ आणि हिरवी झाडं. पुण्यात शिकणाऱ्या माझ्या पुतण्यानं अशा पेटीची चित्रं पाहिली आणि फोन केला, "चाचा, आपल्या जऊळक्याच्या घरी असा एक ठेवू या का?" त्याला जे सांगितलं, तेच तुम्हांलाही सांगतो.

न्यूट आपल्या वऱ्हाडातच काय, अख्ख्या महाराष्ट्रात नाही. त्याच्या कुळातला हिमालयी सॅलॅमँडर दार्जिलिंगच्या डोंगरांत आहे. तिथं जोरपोखरीला त्याच्यासाठी १९८५ साली अभयारण्य झालं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं त्याला पकडता येत नाही. मग परदेशी न्यूट आणावा म्हटलं, तर त्यांतल्या बहुतेकांना २० अंशांच्या आसपासचं थंड पाणी लागतं. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४० च्या पुढे जातो. काचेच्या पेटीत तो बिचारा शिजून निघेल.

दुसरं कारण जास्त गंभीर आहे. सॅलॅमँडरची कातडी खाणारी एक बुरशी आशियातून पाळीव प्राण्यांच्या व्यापारातून युरोपात गेली, असं शास्त्रज्ञ मानतात. २०१३ साली ती ओळखली गेली, तोवर नेदरलँड्समधले पिवळ्या-काळ्या ठिपक्यांचे सॅलॅमँडर जवळजवळ संपले होते. २०१६ मध्ये अमेरिकेनं २०१ जातींची आयात थांबवली. एका घरातली हौस दुसऱ्या देशातल्या ओढ्याला अशी भोवते.

पण पाणी आणि माती एकत्र नांदवायची हौस मात्र चांगली आहे. ती अंगणात भागवावी. बेडूक पकडून आणायचा नाही, कायदा त्यालाही आहे. आपण जागा करायची, तो आपणहून येतो.

सावलीची जागा बघा. चार हात लांब, तीन हात रुंद खड्डा पुरे. एका टोकाला हातभर खोल, दुसऱ्या टोकाला उतरत उतरत जमिनीला मिळालेला. हा उतार विसरू नका. बेडकाचं पिल्लू, ज्याला पुस्तकात भैकेर म्हणतात, ते आधी माशासारखं पाण्यात श्वास घेतं. पाय फुटून शेपूट आटू लागली की त्याला हवा लागते आणि बाहेर पडायला वाट लागते. ती नसेल तर ते पाण्यातच बुडून मरतं. बेडूक बुडतो हे ऐकून पुतण्या हसला, पण खरं आहे. शेततळ्यांच्या गुळगुळीत प्लास्टिकवरून कितीतरी जीव वर येऊ शकत नाहीत. तुमचं शेततळं असेल तर काठावरून एखादं जाड गोणपाट किंवा गाठी मारलेला दोर पाण्यात सोडून ठेवा.

आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून खड्ड्यात शेततळ्याचंच उरलेलं प्लास्टिक अंथरा. त्यावर वीतभर माती आणि थोडे गोटे. काठावर वाळा, वेखंड, कर्दळ लावा. पाण्यालगत ब्राह्मी पसरू द्या. जलकुंभी मात्र नको, ती सगळं पाणी झाकून टाकते. एका बाजूला फुटकं मडकं आडवं पुरलं की भेकांना दिवसा बसायला घर होतं.

पाणी पावसाचं उत्तम. नळाच्या पाण्यात ब्लीचिंग पावडर असते, ते उघड्या भांड्यात दोन दिवस ठेवून मगच ओतावं. वजूचं पाणीही चालतं, त्यात साबण नसतो. पण धुण्याभांड्यांचं अजिबात नको. बेडूक तोंडानं पाणी पीत नाही, कातडीनं शोषतो. पाण्यातलं सगळं त्याच्या अंगात जातं. म्हणून फवारणीचा पंप टाक्याजवळ धुऊ नये. २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसच्या वर शेतकरी-शेतमजूर दगावले. माणसाची ही गत, तर उघड्या कातडीच्या त्या जिवाचं काय?

डासांचं विचारतात लोक. गप्पी मासे सोडले तर ते डासांच्या अळ्या खातात, पण बेडकाची अंडी आणि बारकी पिल्लंही सोडत नाहीत. म्हणून चहाच्या गाळणीनं दर तीन-चार दिवसांनी अळ्या काढाव्यात. थोड्या दिवसांनी चतुराची पिल्लं पाण्यात वाढली की तीही हे काम करतात, आणि रात्री उडणाऱ्या किड्यांचा समाचार भेक घेतात.

मृगाच्या पहिल्या मोठ्या पावसानंतर रात्री कान द्या. पिवळाधमक नर गळ्याच्या निळ्या पिशव्या फुगवून ओरडत असेल. आपल्याकडे पाऊस लांबला की पोरं बेडकाला कडुनिंबाच्या पाल्यात बांधून धोंडी काढतात. त्यापेक्षा त्याचं हे मोकळं ओरडणं ऐकावं. पाण्यात लांब माळेसारखी अंडी दिसली तर ती भेकाची समजा. हात लावू नका, पाणी उपसू नका.

दिवाळीनंतर टाकं आटू लागेल. आटू द्या, टंचाईत त्यासाठी पाणी घालत बसायची गरज नाही. बेडूक बाजूच्या ओल्या मातीत शिरून उन्हाळा काढतात. फक्त मृगापर्यंत त्या काठावर कुदळ चालवायची नाही, हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा.