डोंगरातील चार दिवसांची पायी फेरी



पायी चालणे आपल्या हिंगोली जिल्ह्याला काही नवे नाही. नर्सीच्या नामदेवरायांचे नाव घेऊन पंढरीची वाट तुडवणारी माणसे आपल्याकडे गावोगाव आहेत. पण वारीच्या वाटेवर गाव लागते, गावात पाणी मिळते, आणि कोणी ना कोणी भाकरी घेऊन उभा असतो. सह्याद्रीच्या रानात तसे नाही. तिथे पाठीवर नेले तेच पोटात जाते आणि घरी ठरवले तेच वाटेत कामी येते. शाळेतली मोठी मुले घेऊन डोंगरात चार दिवस हिंडायचे, तर बेत कसा आखावा, ते आज पाहू.

उदाहरणासाठी अकोले तालुक्यातील रतनगड ते हरिश्चंद्रगड ही फेरी घेऊ. हा मुलूख आपल्याला अगदीच परका नाही, बरे का! रतनगडावर प्रवरेचा उगम आहे, हरिश्चंद्रगडाच्या परिसरात मुळेचा. या दोघी एकत्र होऊन गोदावरीला मिळतात आणि ते पाणी पैठणच्या नाथसागरात येते. आपल्या वसमतकडून जाणारी पूर्णाही पुढे गोदावरीलाच मिळते. मुले जी नदी नकाशात गिरवतात, तिचे मूळ त्यांना इथे पाहता येईल.

फेरीची सुरुवात आणि शेवट राजूर या गावी करावा. पहिल्या दिवशी राजूरहून गाडीने भंडारदऱ्याच्या जलाशयाकाठी रतनवाडीला जावे, अमृतेश्वराचे जुने कोरीव मंदिर पाहावे, रतनगड चढून उतरावा आणि वाडीत मुक्काम करावा. गडाच्या माथ्याजवळ लोखंडी शिड्या आहेत. तिथे एका वेळी एकच मूल चढवावे. दुसऱ्या दिवशी दाट जंगलातून कात्राबाईची खिंड ओलांडून कुमशेत गाठावे. तिसऱ्या दिवशी कुमशेतहून पाचनई. चौथ्या दिवशी पाचनईहून हरिश्चंद्रगड चढावा, मंदिर, केदारेश्वराची गुहा आणि कोकणकडा पाहून खाली यावे व राजूरला परतावे. हिंगोलीहून जाण्यायेण्याचे दोन दिवस वेगळे धरा.

आता मुख्य गोष्ट. डोंगरात अंतर मैलांत मोजू नये, तासांत मोजावे. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने 1892 साली एक सोपा हिशेब सांगितला, तो आजही वापरतात. दर पाच किलोमीटरला एक तास, आणि दर सहाशे मीटर चढाला आणखी एक तास. म्हणजे पाच किलोमीटरची वाट आणि सहाशे मीटर चढ असेल, तर दोन तास. हा हिशेब सरावाच्या माणसाचा झाला. मुले आणि पाठीवर ओझे असेल, तर दीडपट धरा: तीन तास. जेवण आणि विसावा वेगळा. शिवाय तुकडीची चाल सर्वांत सावकाश चालणाऱ्या मुलाइतकीच असते. त्याला पुढे ठेवावे आणि एक जाणता माणूस शेवटी चालवावा.

मार्गशीर्षात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, आणि दरीत अंधार त्याआधीच उतरतो. म्हणून मुक्कामाला चार वाजता पोहोचायचे, असे धरून उलटे मोजत यावे व निघायची वेळ ठरवावी. दुपारी बारापर्यंत खिंड गाठली नाही तर मागे फिरायचे, अशी वेळ आदल्या रात्रीच सर्वांसमक्ष सांगून ठेवावी. ऐन वाटेवर उत्साह हट्ट धरतो. आधी ठरवलेले असले म्हणजे वाद होत नाही.

पाणी ही दुसरी गोष्ट. माणशी दिवसाला तीन ते चार लिटर लागते, आणि एक लिटर म्हणजे एक किलो ओझे. त्यामुळे पाणी कुठे भरायचे, हे गावकऱ्यांना विचारून लिहून ठेवावे आणि ते उकळून प्यावे. फेरी कार्तिक ते माघ या काळातच करावी. पावसाळ्यात इथे धुके, निसरडे खडक आणि फुगलेले ओढे. वैशाखात टाकी आणि झरे आटलेले. बाकी ओझे कमीच असू द्या. दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची चटणी, गूळ, एक घोंगडी, विजेरी, दोरी आणि औषधांची पिशवी एवढे पुरते. मुलाच्या पाठीवर त्याच्या वजनाच्या सहाव्या हिश्शाहून अधिक देऊ नये.

तिसरी गोष्ट, बाहेर पडायची वाट. कुमशेतला गाडीरस्ता आहे. एखाद्याचा पाय मुरगळला, कोणाला ताप आला, तर फेरी तिथेच संपवून राजूरला यावे. रानात मोबाईल सर्वत्र लागत नाही. म्हणून रोजचा मार्ग आणि मुक्काम लिहिलेला एक कागद मुख्याध्यापकांकडे आणि एक मुक्कामाच्या गावी ठेवावा. 108 क्रमांकाची रुग्णवाहिका गावापर्यंत येईल, खिंडीत येणार नाही. साप चावला तर जखम कापू नये, चोखू नये. माणसाला न चालवता उचलून दवाखान्यात न्यावे. आग्यामोहळाजवळ धूर करू नये.

हा सारा भाग 1986 साली जाहीर झालेल्या कळसूबाई–हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. प्रवेश आणि मुक्कामाचे नियम वनखात्याकडे आधी विचारावेत, पालकांची लेखी संमती घ्यावी, आणि कात्राबाईच्या जंगलात गावचा वाटाड्या घ्यावाच. त्याची मजुरी वाचवणे ही काटकसर नव्हे.

गुरुजी, जाण्यापूर्वी एक करा. दिवाळीआधी याच मुलांना भरल्या पिशव्या पाठीवर देऊन औंढ्याच्या डोंगरात एक दिवस चालवा. कोण थकतो, कोणाची चप्पल तुटते, किती पाणी लागते, ते घराजवळच कळेल. आईबापांनी लेकरू आपल्या हाती दिलेले असते. गड शेकडो वर्षे उभा आहे, पुढच्या वर्षीही असेल. या साली माथा राहिला तरी चालेल, पण जेवढी मुले नेली तेवढी धडधाकट परत यावीत.