बालपणीचा कर्करोग बरा झाल्यानंतर

लहान मुलास कर्करोग झाला म्हणजे आशा सोडावी, असा समज एकेकाळी होता व तो निराधारही नव्हता. १९४८ साली बोस्टन येथील डॉ. सिडनी फार्बर यांनी रक्ताच्या कर्करोगाने पीडित मुलांना ॲमिनोप्टेरिन या औषधाने तात्पुरता उतार पडतो, असे दाखवून दिले आणि तेथून चित्र पालटू लागले. आज प्रगत देशांत अशा दहा मुलांपैकी आठांहून अधिक मुले पाच वर्षांनंतरही हयात असतात. ती मोठी होतात, संसार थाटतात. खरा प्रश्न यापुढचा आहे.

रोगपेशी नष्ट करणारे उपचार वाढत्या शरीरावरही आपली खूण ठेवून जातात. डॉक्सोरुबिसिनच्या वर्गातील औषधांनी हृदयाचे स्नायू दुर्बल होऊ शकतात. हा दोष कधी वीस वर्षांनी, तर कधी गरोदरपणात प्रथम उघडकीस येतो. सिस्प्लॅटिनमुळे ऐकू कमी येण्याचा संभव असतो. मेंदूवर किरणोपचार झालेल्या मुलाची उंची खुंटू शकते, आकलन व हिशेब मंदावतात. अशा विद्यार्थ्यास वर्गात आळशी ठरविणे अन्यायाचे होय. छातीवर किरणोपचार झालेल्या मुलींना पुढे स्तनाच्या कर्करोगाचा धोका अधिक असतो. म्हणून त्यांची तपासणी वयाच्या २५ व्या वर्षी अथवा किरणोपचारानंतर ८ वर्षांनी, यांपैकी जे नंतर येईल तेव्हापासून सुरू करावी लागते.

अमेरिका व कॅनडात १९७० ते १९८६ या काळात उपचार झालेल्या १०,३९७ प्रौढांची पाहणी २००६ साली प्रसिद्ध झाली. त्यांचे सरासरी वय अवघे २७ च्या आसपास. तरीही ६२ टक्के व्यक्तींना एक तरी जुनाट विकार जडलेला आढळला. पुढे उपचारांची मात्रा जपून ठरविली जाऊ लागली, त्याचे फळही दिसले. पाच वर्षे जगलेल्यांपैकी पुढील काळात, निदानापासून १५ वर्षांच्या आत, दगावणाऱ्यांचे प्रमाण १९७० च्या दशकाच्या सुरुवातीच्या रुग्णांत १२.४ टक्के होते. १९९० च्या दशकातील रुग्णांत ते ६ टक्क्यांवर आले.

मुंबईत परळ येथील टाटा स्मारक रुग्णालयाने उपचार संपलेल्या मुलांसाठी १९९१ साली स्वतंत्र बाह्यरुग्ण विभाग सुरू केला. गावी परतलेल्या रुग्णाची अडचण मात्र बहुधा कागदाची असते. मुलगा बरा झाला म्हणून, किंवा मुलीच्या विवाहात विघ्न नको म्हणून, उपचारांची कागदपत्रे टाकून दिली जातात. पुढे धाप लागल्यास प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरांना पूर्वेतिहास कळत नाही. औषधांची नावे, त्यांची एकूण मात्रा, किरणोपचार कोणत्या भागावर व किती झाले आणि तारखा, एवढा मजकूर एका पानात मावतो. ते पान हरवले असल्यास जुना नोंदणी क्रमांक देऊन मूळ रुग्णालयाकडे सारांश मागावा.