राखीव खाटा आहेत, पण पोहोचायचे कसे?

धुणीभांडी करणाऱ्या बाईच्या नवऱ्याच्या छातीत रात्री अचानक दुखू लागते. मोठे रुग्णालय दहा मिनिटांवर आहे. पण तिथे आधी अनामत रक्कम मागतील, या धास्तीने रिक्षा दूरच्या सरकारी रुग्णालयाकडे वळते. हृदयविकारात वाया गेलेल्या प्रत्येक मिनिटाला हृदयाचा स्नायू मरत असतो.

ते जवळचे रुग्णालय धर्मादाय असेल, तर कायदा या कुटुंबाच्या बाजूने आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेनुसार अशा रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवायच्या असतात. त्यासाठी एकूण बिलांच्या २ टक्के रक्कम वेगळ्या निधीत जमा करायची असते. तातडीच्या वेळी तर अनामत न मागता रुग्णाला दाखल करून घेणे बंधनकारक आहे. रिक्षात बसलेल्या माणसाला हे कोण सांगणार?

रुग्णालयात पोहोचल्यावरही खिडक्या वेगवेगळ्या. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेसाठी आरोग्यमित्राला भेटायचे. धर्मादाय खाटेसाठी वैद्यकीय समाजसेवकाकडे जायचे, सोबत रेशनकार्ड किंवा तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला. उपचार एका योजनेत बसले नाहीत तर दुसरीकडे विचारायचे असते, हे नातेवाइकांना अनेकदा ठाऊकच नसते.

खरी गळती मात्र घरी गेल्यावर होते. स्टेंट बसवलेल्या रुग्णाला रक्त गोठू न देणाऱ्या दोन गोळ्या बराच काळ, पुष्कळदा वर्षभर, घ्याव्या लागतात. शस्त्रक्रिया मोफत झाली, पण महिन्याच्या गोळ्या परवडत नाहीत म्हणून त्या मध्येच बंद केल्या, तर स्टेंटमध्येच गुठळी होऊ शकते. हे टाळायला मोठे यंत्र लागत नाही. वस्तीतल्या आशाताईला रुग्ण घरी आल्याचे कळले, तर ती गोळ्या चालू आहेत का ते पाहील, जवळच्या आरोग्य केंद्राचा रस्ता दाखवील. (या ताईंना पगार नाही, कामागणिक मोबदला मिळतो. असा पाठपुरावा त्यांच्या हिशेबात धरायला हवा.)

तोवर रुग्णाच्या नातेवाइकांनी एवढे करावे: दाखल होतानाच वैद्यकीय समाजसेवक कुठे बसतात ते विचारावे, नकार मिळाल्यास धर्मादाय आयुक्त कार्यालयाकडे लेखी तक्रार करावी आणि घरी परतल्यावर डिस्चार्ज कार्ड त्याच आठवड्यात आशाताईला दाखवावे.