दहावीच्या वाट्याचे गॅदरिंग

आषाढी वारीत तुकाराम महाराजांची पालखी सराटीचा मुक्काम आटोपून नीरा ओलांडते आणि सोलापूर जिल्ह्यात, अकलूजला येते. इथले गोल रिंगण होते ते सदाशिवराव माने विद्यालयाच्या मैदानावर. आधी पताकाधारी धावतात, मग डोईवर तुळस घेतलेल्या बाया, विणेकरी, पखवाजवाले आणि अखेरीस अश्व. गर्दी हजारोंची, तरी सगळे सुरळीत पार पडते, कारण आपली पाळी कधी हे प्रत्येकाला ठाऊक असते. शाळा नुकत्याच उघडलेल्या असतात. एवढी मोठी गोष्ट माणसे मिळून कशी निभावतात, हे या भागातल्या पोरांना वर्गाबाहेर, पण शाळेच्याच मैदानावर बघायला मिळते. माझे म्हणणे इथूनच सुरू होते. गॅदरिंग, सहल, क्रीडास्पर्धा, निरोप समारंभ, मे महिन्याची सुटी हे माध्यमिक शाळेतले पुस्तकाबाहेरचे दिवस म्हणजेही शिक्षणच आहे, आणि नेमके दहावीच्या मुलांकडून ते काढून घेण्याची जी रीत पडली आहे ती चुकीची आहे.

गॅदरिंगमध्ये पाहुण्यांना चार नाच आणि एक नाटुकले दिसते. पडद्यामागे काय चालते ते बघावे. कुणी मंडपवाल्याशी बोलणी करतो, कुणी गाण्यांची यादी सरांकडून मंजूर करून आणते, पडदा कोण ओढणार आणि नावे कोण पुकारणार यावरून भांडणे होतात आणि मिटतातही. फिशपाँडच्या चिठ्ठ्या बाई आधी वाचतात, लागट असतील त्या फाडून टाकतात. थट्टा कुठे संपते आणि टोचणे कुठे सुरू होते, हे चौदाव्या-पंधराव्या वर्षी कळायला याहून चांगली जागा नाही. निरोप समारंभ बहुतेक शाळांत नववीने दहावीला द्यायचा असतो. वर्गणी नववीची, अल्पोपाहाराची व्यवस्था नववीची, सूत्रसंचालनही नववीचे. दहावीच्या मुली साड्या नेसून येतात, बहुधा आईच्या नाहीतर मावशीच्या. एरवी बाकावर तोंड न उघडणारा मुलगा माइकपुढे उभा राहून दोन वाक्ये बोलतो. वर्ग शाळेला घड्याळ, पंखा किंवा पुस्तके भेट देतो. अमेरिकेतल्या हायस्कुलांचा प्रॉम सिनेमांमुळे आपल्या मुलांनाही माहीत झाला आहे. तिथे जोडीने नाचायला महत्त्व, इथे अख्ख्या वर्गाने मिळून निरोप घ्यायला. पण आपण मोठे झालो याची दखल शाळेने चारचौघांत घ्यावी, ही मुलांची ओढ दोन्हीकडे सारखीच आहे.

आता दहावीचे वर्ष प्रत्यक्षात कसे जाते? नववीची परीक्षा संपते न संपते तोच उन्हाळी जादा तास सुरू होतात. पारा चाळिशीपार गेलेला असताना मुले तापलेल्या वर्गात बीजगणित सोडवतात. मामाचे गाव राहते, विहिरीतले पोहणे राहते. पुढे ‘दहावीचे वर्ष आहे’ म्हणून अनेक शाळांत गॅदरिंगमध्ये भाग नाही, सहलीला नाव नाही. त्यात बोर्डाची परीक्षा २०२५ मध्ये अलीकडे आली, २१ फेब्रुवारीलाच सुरू झाली. मग निरोप समारंभ तोंडी आणि प्रात्यक्षिक परीक्षांच्या गडबडीत उरकून घ्यावा लागतो. वास्तविक महाराष्ट्राला सुटीतल्या शिबिरांची जुनी सवय आहे. साने गुरुजींचा जिव्हाळा लाभलेले राष्ट्र सेवा दल १९४१ मध्ये उभे राहिले, आणि त्याच्या शिबिरांत जातपात न पाहता मुले एकत्र राहिली, एकत्र राबली, गायली. आज शहरात उन्हाळी शिबिर फी भरून मिळते. अकलूजभोवतीच्या माळशिरस तालुक्यातल्या वाडीवस्तीवरच्या मुलाला ते शाळेने दिले तरच मिळणार.

यावर पहिला आक्षेप पालकांचा, आणि तो हलक्याने घेण्यासारखा नाही. शेतमजुरी करणाऱ्या घरातल्या मुलाकडे मार्कांखेरीज दुसरे भांडवल नसते. २०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेशही राज्यभर ऑनलाइन, गुणवत्तेनुसार होऊ लागले. एकेका टक्क्याला किंमत आहे, हे कबूल. पण मग हिशेब नीट मांडू. गॅदरिंगच्या तालमींना आठवडाभराच्या संध्याकाळी जातात, सहलीला एक-दोन दिवस. वर्षाच्या मानाने एवढ्या वेळाने निकाल कोसळत असेल, तर खोट वर्षभराच्या शिकवण्यात शोधायला हवी. बोर्डही कला आणि खेळ यांना परके मानत नाही. राज्य पातळीवर खेळणाऱ्यांना वाढीव गुण मिळतात, चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेत अ श्रेणी मिळवणाऱ्याला ७. जानेवारी २०२४ मध्ये केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांत सोळा वर्षांखालच्या मुलांना कोचिंग क्लासनी प्रवेश देऊ नये असे म्हटले. शाळेच्या जादा तासांना त्या लागू नाहीत, पण खासगी क्लासचा ताण या वयाला नको असेल, तर तोच ताण शाळेच्या छपराखाली चालतो कसा?

दुसरा आक्षेप खर्चाचा आणि मुलींच्या घरी परतण्याचा. डीजे, भाड्याचे पोशाख, रोषणाई यांवर पैसा उधळला जातो, ही तक्रार रास्त आहे. ते बंद करावे. सहलीसाठी एसटी निम्म्या भाड्यात गाडी देते. पाचवी ते बारावीच्या मुलींना अहिल्यादेवी होळकर योजनेत गाव ते शाळा एसटीचा पास मोफत आहे, पण संध्याकाळची शेवटची गाडी चुकली तर त्या पासाचा उपयोग नाही, आणि मग घरचे पुढच्या वर्षी भागच घेऊ देत नाहीत. म्हणून गॅदरिंग दुपारी व्हावे. मुलींच्या बाबतीत मला हा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा वाटतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी जवळपास २२ टक्के जणींचे लग्न अठरा पूर्ण होण्याआधी झाले होते. अशा कित्येकींच्या आयुष्यात शाळेचा रंगमंच हाच पहिला आणि शेवटचा असतो. दहावीच्या नावाखाली तोही काढून घ्यायचा?

करायचे ते फार अवघड नाही. मे महिन्यातले जादा तास दोन आठवड्यांपुरते, सकाळच्या वेळेत ठेवावेत आणि उरलेली सुटी मुलांची मुलांना द्यावी. परीक्षा फेब्रुवारीत गेली आहे, तेव्हा गॅदरिंग डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात घ्यावे, दहावीला धरून, आणि निरोप समारंभ जानेवारीत. वेळापत्रक जूनमध्येच पालकसभेत मांडले, तर घरच्यांनाही तयारीला सहा महिने मिळतात.