घरचा सर्व्हर (लेखांक ६) : बाहेरून घरापर्यंतची वाट

मागच्या आठवड्यात जुन्या लॅपटॉपवर डेबियन आणि एनजिनएक्स बसवून आपण पहिलं पान तयार केलं. घरातल्या वाय-फायवर ते उघडतं. पण कापूरहोळहून भोरला गेलेल्या भावाच्या मोबाइलवर उघडत नाही. सर्व्हर ठीक आहे, अडचण पत्त्याची आहे.

राउटरने लॅपटॉपला दिलेला पत्ता बहुधा १९२.१६८ने सुरू होतो. असे पत्ते घरापुरतेच चालतात. बाहेरच्या जगाला फक्त राउटरचा पत्ता ठाऊक असतो. पुण्याहून साताऱ्याकडे निघालेल्या गाडीला भोरला जायचं तर कापूरहोळ फाट्यावर वळावं लागतं. तशी वळणाची पाटी राउटरमध्ये आपण लावायची. तिचं नाव पोर्ट फॉरवर्डिंग. ८० आणि ४४३ या पोर्टांवर येणारी मागणी लॅपटॉपकडे पाठवायची, एवढंच तिच्यावर लिहायचं. त्याआधी लॅपटॉपचा घरातला पत्ता राउटरमध्ये कायम करून घ्या. तो बदलला तर पाटी चुकीच्या दाराशी नेईल. दुरून लॅपटॉप हाताळायचं २२ नंबरचं पोर्ट मात्र बाहेर उघडू नका.

तरीही पान उघडत नसेल, तर इंटरनेट देणाऱ्या कंपनीकडे पाहायला हवं. आयपीव्ही४ या जुन्या पत्तापद्धतीत पत्ते सुमारे ४२९ कोटीच. आशिया-पॅसिफिक विभागाचं वाटप एप्रिल २०११मध्येच शेवटच्या राखीव साठ्यावर आलं. म्हणून कंपन्या अनेक ग्राहकांना एकाच पत्त्यामागे बसवतात. याला सीजीनॅट म्हणतात. राउटरच्या पानावरचा वॅन पत्ता आणि बाहेरच्या संकेतस्थळाला दिसणारा आपला पत्ता ताडून पाहा. पहिला १००.६४ ते १००.१२७ यांपैकी एखाद्या जोडीने सुरू होत असेल आणि दुसरा निराळा असेल, तर तुम्ही सीजीनॅटमागे आहात. मग तुमच्या पाटीपर्यंत मागणी पोहोचतच नाही.

यावर उपाय तीन. कंपनीकडून स्वतंत्र स्थिर पत्ता घ्यावा. त्याचे सहसा वेगळे पैसे पडतात. कनेक्शनवर आयपीव्ही६ ही नवी पत्तापद्धत असेल तर लॅपटॉपला जगभर चालणारा पत्ता मिळतो. राउटरच्या फायरवॉलमध्ये तेवढी दोन पोर्टं उघडावी लागतात, आणि पाहणाऱ्याकडेही आयपीव्ही६ लागतं. नाहीतर बाहेर एक छोटा सर्व्हर भाड्याने घेऊन तिथून घरापर्यंत टनेल टाकावा.

या आठवड्याचा अभ्यास : पान आधी लॅपटॉपवरच उघडा, मग घरातल्या दुसऱ्या मोबाइलवर, शेवटी वाय-फाय बंद करून मोबाइल डेटावर. कुठल्या पायरीवर अडलं ते वहीत लिहा. दोष त्या पायरीवर किंवा तिच्या अलीकडच्या जोडणीत सापडेल. असा क्रमाने शोध घेता येणं हेच सर्व्हर चालवणाऱ्याचं मुख्य कौशल्य, आणि ते वाचून येत नाही. याच पुणे जिल्ह्यात, पाबळला, डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम उभारला तो काम करत शिकण्याच्या याच विश्वासावर. आपल्या घरातला लॅपटॉपही तशीच शाळा होऊ शकतो.

पुढच्या आठवड्यात : डोमेनचं नाव, देवनागरीतलं ‘.भारत’ आणि लेट्स एन्क्रिप्टचं मोफत प्रमाणपत्र.