नऊची बेरीज

सारोळ्याला हायवेच्या कडेला एसटीची वाट पाहत उभं राहिलं की वेळ घालवायला गाड्यांच्या पाट्या असतात. खाली नीरा, पुलापलीकडे शिरवळ म्हणजे सातारा जिल्हा, त्यामुळे एमएच 12 आणि एमएच 11 दोन्हींची रीघ. परवा शेजारचे एक काका पाट्यांवरच्या आकड्यांची बेरीज करत होते. "लागोपाठ दोन नवांच्या गेल्या. आज काम होणार. स्वामींचा कौल आहे हा!"

नवाची गाडी दुर्मीळ असते, हा यातला मूळ गैरसमज. 0001 ते 9999 पर्यंत ज्या आकड्यांना नवाने भाग जातो, त्यांचीच बेरीज शेवटी नऊ येते. असे आकडे बरोबर 1111 आहेत, म्हणजे दर नऊ गाड्यांमागे सरासरी एक. लागोपाठ दोन येण्याची शक्यता 81 मध्ये एक. या रस्त्यावर 81 गाड्या जायला किती वेळ लागतो, हे सारोळेकरांना सांगायला नको. त्यात हौशी लोक जादा पैसे भरून नवाचाच नंबर घेतात. (1111 हाच मुळात शुभ आकडा, असं म्हणणारेही भेटतीलच. मोबाइलवर 11:11 दिसलं की त्यांना संकेत मिळतो. 10:47 दिसल्याचं मात्र लक्षात राहत नाही.)

असा संशय घेणं हे इंग्रजी शिक्षणाचं खूळ, असंही काहींना वाटतं. पण कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली, असं आपली आजीच म्हणायची. संस्कृतात याला काकतालीय न्याय म्हणतात आणि योगवासिष्ठात हा शब्द पुन्हा पुन्हा येतो. त्याचा भाऊ घुणाक्षर न्याय: किड्याने लाकूड पोखरताना चुकून अक्षर उमटतं. किड्याला लिहिता येत नाही. वाचणारे आपण. ढगात गणपती दिसतो तोही असाच.

मोबाइलवरच्या गाण्यांचं प्रकरण जास्त नाजूक आहे. वडिलांची आठवण यावी आणि नेमकं त्यांच्या आवडीचं गाणं लागावं, हे कुणाला हलवणार नाही? पण त्या यादीत वडिलांची गाणी आपणच भरलेली असतात, आणि ती ऐकताना वडील आठवले नाहीत असे दिवस आपण मोजत नाही. शिवाय खरी सरमिसळ आपल्याला सरमिसळ वाटतच नाही. आयपॉडवर एकाच गायकाची गाणी लागोपाठ वाजतात, यात काहीतरी काळंबेरं आहे, अशी लोकांची तक्रार होती. शेवटी 2005 मध्ये अ‍ॅपलने ती ठरवून दूर दूर ठेवण्याची सोय दिली. यदृच्छा वाटावी म्हणून यदृच्छा कमी करावी लागली!

उलट बाजूचाही एक गैरसमज आहे, आणि तो शिकलेल्यांचा: सिनेमा-गाण्यांत देव शोधणं म्हणजे आजच्या पोरांची थिल्लर भक्ती. पुण्याच्या प्रभातचा 'संत तुकाराम' 1936 चा. विष्णुपंत पागनीस त्याआधी रंगभूमीवर स्त्रीभूमिका करत. सिनेमानंतर लोक त्यांना तुकोबा मानून पाया पडू लागले. 1975 मध्ये 'शोले'च्याच वर्षी 'जय संतोषी माँ' आला. प्रेक्षक चपला बाहेर काढून थिएटरात शिरत, पडद्यावर नाणी उधळत. जुन्या पुराणांत नसलेल्या या देवीचं शुक्रवारचं व्रत त्या सिनेमाने घरोघर पोचवलं. त्या चपला काढणाऱ्यांना पडद्यावर नटी आहे हे कळत नव्हतं, असं मला वाटत नाही. ते शक्यतेचं गणित मांडत नव्हते, नमस्कार करत होते. नमस्काराला 81 मध्ये एक लागू पडत नाही. काकांच्या कौलाला पडतो, कारण त्यावर ते कामाचा निकाल ठरवत होते.

एवढ्यात एसटी आली. काकांनी पाटी वाचली, ओठांतल्या ओठांत बेरीज केली. पाच. पुन्हा केली, पुन्हा पाच. मग निमूट पिशवी उचलून चढले.