रक्तातील विळा

चोपडा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या एका शाळेत मी मुख्याध्यापक होतो. २०११ सालची ही गोष्ट. सातवीच्या वर्गात एक पावरा मुलगा होता. अक्षर मोत्यासारखे; परंतु हिवाळ्यात कवायतीच्या वेळी तो हटकून बसून राही. ‘गुडघे दुखतात,’ एवढेच त्याचे उत्तर. मी त्यास आळशी ठरविले आणि चारचौघांत बोललोही. पुढे तालुक्याच्या गावी त्याचे रक्त तपासले गेले, तेव्हा कळले, की त्याला सिकल सेल नावाचा आजार आहे.

निरोगी माणसाच्या रक्तातील तांबड्या पेशी गोल, चपट्या व लवचीक असतात. केसाहून बारीक वाहिन्यांतूनही त्या वाट काढतात आणि त्यांच्यातील हिमोग्लोबिन सर्वांगास प्राणवायू पोचविते. या आजारात हिमोग्लोबिनच्या घडणीतच लहानसा फरक असतो. अंगातील पाणी घटले, थंडी बाधली, ताप आला वा फार दमणूक झाली, की पेशी ताठ होऊन विळ्यासारख्या वाकतात. ओढ्यात काटक्या अडकून पाणी तुंबावे, तशा त्या वाहिन्यांत अडकतात व हाडे, सांधे असह्य दुखू लागतात. निरोगी पेशी सुमारे १२० दिवस जगते. ही १० ते २० दिवसांतच नष्ट होते. म्हणून रक्त कमी पडते, डोळे पिवळसर दिसतात, धाप लागते.

शिकागोच्या डॉ. जेम्स हेरिक यांनी १९१० साली या पेशींचे वर्णन प्रथम प्रसिद्ध केले. भारतात त्या १९५२ साली निलगिरीच्या डोंगरात आढळल्या. आपल्याकडे भिल्ल, पावरा इत्यादी समाजांत हा आजार दिसतो. त्यामागे हिवतापाचा जुना इतिहास आहे. आई किंवा वडील, कोणा एकाकडूनच हा गुण आलेला मनुष्य ‘वाहक’ होय. तो बहुधा निरोगी असतो. इतकेच नव्हे, तर तीव्र हिवतापापासून त्याचा काहीसा बचावही होतो. त्यामुळे हिवतापाच्या रानावनांत हा गुण पिढ्यान्‌पिढ्या टिकला.

दोन्ही पालकांकडून तो आला, म्हणजे मात्र आजार होतो. आईवडील दोघेही वाहक असल्यास प्रत्येक मुलाच्या बाबतीत आजाराचा संभव चारांत एक असतो. याचा अर्थ पहिले मूल आजारी निघाले, की पुढची तीन सुटली, असा नव्हे. प्रत्येक जन्माच्या वेळी हिशेब नव्याने मांडला जातो. शेजारी बसल्याने किंवा एका ताटात जेवल्याने हा आजार मुळीच होत नाही.

बोटातून काढलेला रक्ताचा थेंब एका द्रावणात मिसळतात. दोष असल्यास द्रावण गढूळ होते व नळीमागे धरलेल्या कागदावरील ओळी दिसेनाशा होतात. वाहक कोण व रोगी कोण, हे मात्र पुढील तपासणीनेच ठरते. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी सुरू केलेल्या मोहिमेत अशा तपासणीवरच भर आहे.

डॉक्टरांच्या देखरेखीखाली फॉलिक अ‍ॅसिड व हायड्रॉक्सियुरिया ही औषधे देतात. गरजेप्रमाणे रक्तही देतात. ताप आल्यास दिरंगाई करू नये. अस्थिमज्जा बदलून काही रोगी पूर्ण बरे होतात. परंतु जुळणारा दाता मिळणे कठीण आणि खर्चही फार.

त्या मुलास आम्ही तासाला पाणी पिण्याची मोकळीक दिली. कवायतीच्या वेळी तो स्वेटर घालून उन्हात बसे. मी वर्गासमोरच त्याची क्षमा मागितली. तो काही बोलला नाही. वहीत डोके घालून लिहीत राहिला.